रिकाम्या रकान्यातल्या बाया

माझ्या सगळ्या नोकरीत लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. किती? मोतीबिंदूचे किती, त्यातले पैठण तालुक्यातले किती, त्यातल्या बाया किती, त्यातल्या तपासणीला परत न आलेल्या किती. सकाळी डबा टेबलावर ठेवायच्या आत डॉक्टरसाहेबांचा फोन वाजतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "किती?" मीही उलट विचारतो, "कशातले?" पंचवीस वर्षं आमचा हा संसार असाच चाललाय.

शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी नोंदी सांभाळतो. घर बिडकीनच्या बाजूला, शेतीतलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, तीही संख्याशास्त्राची एम.एस्सी. हे मी जरा छाती काढूनच सांगतो. न सांगून कसं चालेल? दुसरं कुणी सांगत नाही. एका लग्नात मावसांनी मला मांडवात गाठलं.

"काय करायलास सध्या?"

"दवाखान्यात आहे, मावसा. नोंदी मोजतो."

"मोजतो?" त्यांनी हातातला द्रोण खाली ठेवला. "एम.एस्सी. करून मोजतोस? अरे, आमच्या आडतीवर मापाडी मोजतो की. चौथी नापास हाय. अन् तुझ्यापेक्षा लई जोरात मोजतो."

पंगतीतले सगळे हसले. मीही हसलो, पण मनाला लागलं. मी म्हणालो, "मावसा, मी हातानं नाही मोजत. आर नावाची भाषा आहे, कॉम्प्युटरची, तिच्यात सांगितलं की ती मोजते."

"आर? एकाच अक्षराची भाषा? बाकीची अक्षरं काय मास्तरनं ठेवून घेतली का?"

तेव्हा राहिलेलं उत्तर आता लिहून काढतो. एक भलामोठा तक्ता डोळ्यांपुढं आणा. एका माणसाची एक ओळ. ओळीत रकाने: नाव, गाव, वय, डाव्या डोळ्याची नजर, उजव्या डोळ्याची नजर. आमच्याकडं अशा लाखभर ओळी आहेत. त्यातून कन्नड तालुक्यातले, साठीच्या पुढचे, दोन्ही डोळ्यांनी कमी दिसणारे लोक हातानं मोजायला बसलं तर मोजणाऱ्यालाच चष्मा लागायचा. म्हणून आरमध्ये चाळणी लावायची. तालुका कन्नड, वय साठ किंवा जास्त, नजर अमक्याच्या खाली. चाळणीवर ज्या ओळी राहिल्या त्या मोजायच्या. लिहायला दोन ओळी, आणि बटण दाबलं की पापणी लवायच्या आत आकडा हजर.

मापाडी पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतो, मी बटण दाबताना मनात गणपतीचं नाव घेतो. फरक म्हणाल तर एवढाच. पण मापाड्याच्या मापात ज्वारी तरी असते. माझ्या मापात काय आलंय ते बटण दाबल्यावरही कळतंच असं नाही, आणि हे मला दोनदा चुकल्यावर समजलं.

चुकांवर येण्याआधी गिऱ्हाइकांबद्दल थोडं. डॉक्टरसाहेब माणूस देव, हात सोन्याचे, पण आकड्याशी त्यांचं वागणं भाजीवालीशी वागल्यासारखं. मी म्हणालो तीनशे चाळीस, की ते म्हणणार, "अजून थोडे निघतील का बघा ना!" जणू मी कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडलंय. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे जन्मतारखा. आमच्या तक्त्यात एक जून अशी चाळणी लावा, जत्रा भरेल. शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचला की गुरुजी एक जून लिहून मोकळे. अर्धा मराठवाडा एकाच दिवशी जन्मला, आणि त्यात मीही आहे.

आता पहिली चूक. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, गेल्या महिन्यात किती बायांची ऑपरेशनं झाली? मी चाळणी लावली, बटण दाबलं, दोनशे बारा. साहेबांनी मीटिंगमध्ये आकडा वाचला. कोपऱ्यात शारदा सिस्टर बसल्या होत्या, ऑपरेशन थिएटर सांभाळणाऱ्या. आमच्या दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांना रागावतात आणि सिस्टर डॉक्टरांना.

"दोनशे बारा बाया?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे महिनाभर मी घरी गेलेच नाही म्हणायचं. सर, तसं एक पत्र द्या आमच्या मालकांना. त्यांना वाटतंय मी रोज साडेसहाला घरी येते."

खाली येऊन ओळ न् ओळ तपासली. बाया एकशे त्रेचाळीस. बाकीच्या एकोणसत्तर ओळी म्हणजे नाव नाही, गाव नाही, काहीच नाही, नुसती भुतं. झालं होतं असं की त्या नोंदींमध्ये स्त्री की पुरुष हा रकाना कुणी भरलाच नव्हता. रकाना रिकामा असला की आर तिथं एन आणि ए अशी दोन अक्षरं टाकते. आमच्याकडं एनए म्हटलं की लोक प्लॉटचा भाव विचारतात, पण इथं त्याचा अर्थ, माहीत नाही. 'ही बाई आहे का?' असं विचारलं तर रिकामी ओळ हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. माहीत नाही म्हणते. आणि चाळायची जी जुनी रीत आहे, चौकोनी कंसाची, ती माहीत नाही म्हणणाऱ्यांनाही चाळणीवर ठेवते, वर त्यांचं नावगाव पुसून ठेवते. ओळी मोजायला सांगितल्या की बायांबरोबर भुतंही मोजते.

त्या दिवसापासून सिस्टर मला जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय सर, आज किती? भुतं धरून की सोडून?"

मग मी रीत बदलली. नवी चाळणी आहे, ती माहीत नाही म्हणणाऱ्याला गुपचूप खाली सोडून देते. भूत नाही, कटकट नाही, आकडा स्वच्छ. इतकं बरं वाटलं की मी गावोगावच्या आशाताईंच्या प्रशिक्षणात खडू आपटून सांगायला लागलो, "हे बघा, एखादी गोष्ट माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. मनानं काही लिहायचं नाही. रिकाम्याचं काय करायचं ते माझी मशीन बघून घेईल." हे वाक्य ध्यानात ठेवा. कडूबाईनं ठेवलं होतं.

कडूबाई ही देवगाव रंगारीच्या पुढच्या एका लहान गावची आशाताई. दहावी झालेली, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. प्रशिक्षणात पहिल्या बाकावर बसायची आणि मी बोललेलं सगळं लिहून घ्यायची, अगदी मी चहावाल्याला हाक मारली तीसुद्धा.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना बसनं आणायचं ठरलं होतं. एका देणगीदाराची बस, त्याची अट दोन कलमी. माणसं साठीच्या पुढची पाहिजेत, आणि रिकामी बस परवडत नसल्यानं एका गावातून किमान तीस भरले तरच ती त्या गावाला जाणार. गावं निवडायचं काम कुणाचं? अर्थात माझ्या चाळणीचं. मी सोमवारी यादी काढली, सही ठोकली, वर पाठवली. शेजारच्या एका गावाचे बत्तीस निघाले, त्या गावाची बस गुरुवारची ठरली. कडूबाईच्या गावाचे निघाले नऊ.

मंगळवारी सकाळी कडूबाई एसटीनं येऊन माझ्या दारात उभी.

"सर, आमचं गाव कामून गळालं?"

"बसा ताई. गळालं नाही. तुमच्याकडं नऊच माणसं बसतात अटीत. तीस लागतात."

"नऊ?" तिनं वही काढली. "माझ्याकडं एकतीस हायेत. येकेकीच्या घरी जाऊन, दोन्ही डोळ्यांपुढं बोटं धरून लिहिलंय मी."

"ताई, मशीन काही खोटं बोलत नाही."

"मशीन कुठं बोलायलंय, सर? तुमीच बोलायलेत की."

आता माझी एम.एस्सी. जागी झाली. मी खुर्ची सरसावली, म्हटलं, वाचा नावं, एकेक दाखवतो. मनात होतं, दहाव्या नावाला हिची वही मिटेल. तिनं वाचलं, "केशरबाई." मी शोधलं. केशरबाई होती. गाव बरोबर, नजर दोन्ही डोळ्यांची जवळजवळ गेलेली. वयाच्या रकान्यात दोन अक्षरं, एन आणि ए.

"हिचं वय लिहिलं नाही तुम्ही."

"तिला म्हाईत नाय. मी इचारलं तर म्हणली, असंल चाळीस-पन्नास. दात एक बी नाय तोंडात! मग मी काय लिहू?"

पुढचं नाव, तेच. त्याच्या पुढचं, तेच. बावीस बाया, बावीस रिकामे रकाने. साठीच्या पुढची आहे का, असं माझी चाळणी विचारत होती, ओळ म्हणत होती माहीत नाही, आणि माझी स्वच्छ, नवी, बिनभुताची चाळणी केशरबाईला गुपचूप खाली सोडून देत होती.

मी चिडूनच म्हणालो, "अहो, अंदाजे तरी टाकायचं."

कडूबाईनं वहीची मागची पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, "माहीत नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. मनानं काही लिहायचं नाही. रिकाम्याचं काय करायचं ते माझी मशीन बघून घेईल." मग वर बघितलं. "बघितलं का मंग मशीननं?"

मी पाणी प्यालो. मग एक गोष्ट सुचली आणि ती सुचली नसती तर बरं झालं असतं असं वाटलं. त्या शेजारच्या गावाची बत्तीस नावं उघडली. वय पासष्ट. पासष्ट. पासष्ट. वरून खालपर्यंत सगळे पासष्ट, जणू गावात एकाच सकाळी बत्तीस पाळणे हलले होते. त्या आशाताईला मी मागच्या प्रशिक्षणात सगळ्यांसमोर उभं केलं होतं. एकही रकाना रिकामा नाही म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. पहिली टाळी माझीच.

कडूबाई एवढंच म्हणाली, "केशरबाई एकली ऱ्हाती, सर. पोरगा-सून शेंद्र्याला कंपनीत. भाकर चुलीत पडती अन् हात तव्यावर. दोनदा भाजली. मी तिला सांगून ठिवलंय का बस येणार म्हणून. आता मी तिला काय सांगू, तुमी मोजण्यात आल्या नाय?"

डॉक्टरसाहेबांच्या केबिनपर्यंत चोवीस पायऱ्या आहेत. घराण्यातला पहिला पदवीधर त्या पायऱ्या चढताना पहिल्यांदाच सावकाश चढला. मी सांगितलं, साहेब, यादी चुकली. सही माझी आहे.

साहेबांनी चष्मा काढला. "किती?"

"बावीस."

"कशातले?" आज हा प्रश्न त्यांनी विचारला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण अट साठीची आहे. या बायांचं वय कशावरून धरायचं? पुरावा काय?"

"साहेब, माझ्या आधार कार्डावर एक जून आहे. तो पुरावा तुम्हाला चालतो."

ते हसले, पण हलले नाहीत. तेव्हा कडूबाई दारातूनच म्हणाली, "साह्येब, मी येक इचारू का त्यांना? भात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया व्हती का, असं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात रस्त्यांची, तळ्यांची कामं निघाली होती. घरटी माणसं खडी फोडायला जात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना स्वतःची जन्मतारीख माहीत नसते, पण कोणत्या कामावर होतो, मुकादम कोण होता, हे पाठ असतं. आणि हातात हातोडा धरायचा तर पोर तेरा-चौदा वर्षांची तरी पाहिजे. म्हणजे तेव्हा कामावर असलेली बाई आज साठीच्या पुढं, हिशेब सरळ. माझ्या लाख ओळींच्या तक्त्याला जे जमलं नाही ते कडूबाईच्या एका प्रश्नात होतं.

साहेब म्हणाले, "चालेल. पण तीस म्हणजे तीस. एकोणतीसला सोडली तर उद्या सत्तावीसवाले येतील. आणि यादीवर सही तुमची."

कडूबाई दुपारच्या एसटीनं परत गेली. बुधवारी सकाळी फोन आला. मी तक्त्यात एक नवा रकाना जोडला, त्याला नाव दिलं बहात्तर. ती एकेक नाव सांगत गेली, मी हो नाहीतर नाही टाकत गेलो. यमुनाबाई हो. गयाबाई हो, आणि अजून पाठ दुखती म्हणून सांगितलंय. राधाबाई नाही, ती तवा रांगत व्हती. शेवटी चाळणी लावली. वय साठ किंवा जास्त, किंवा बहात्तर हो. बटण दाबलं.

एकोणतीस.

"ताई, एक कमी पडतोय."

"केशरबाई धरली का?"

"केशरबाईपुढं तुम्ही 'नाही' सांगितलंय."

"व्हय. नायच म्हणली ती. म्हणती, म्या कवा फोडली खडी?" मग तीच म्हणाली, "थांबा सर, मी तिच्या दारातच हाय." लांबून दोन बायांचं बोलणं ऐकू आलं, पैकी एक भांडत होती. मग कडूबाई परत आली, हसत. "सर, खडी नाय फोडली तिनं. ती पाणी पाजायला व्हती कामावर. हंडा घिऊन अख्ख्या रस्त्यावर फिरायची. म्हणती, तुमी खडीचं इचारलं, पाण्याचं कुठं इचारलं!"

मी रकान्यात हो टाकलं. तीस. सही केली, आणि या वेळी सहीपूर्वी ती तीस नावं एकदा मोठ्यानं वाचली, मापाड्यासारखी. दोन्ही गावांच्या बसा आल्या, शेजारच्या गावाची आधी, कडूबाईच्या गावाची चार दिवसांनी. त्या पासष्टवाल्यांचं काय केलं म्हणाल, तर बस निघण्यापूर्वी त्यांनाही तोच खडीचा प्रश्न विचारला. एक सोडला तर सगळे खरंच साठीच्या पुढचे निघाले. त्या आशाताईला मी काही बोललो नाही. टाळी मीच वाजवली होती.

केशरबाईच्या डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशी मी वॉर्डात गेलो. माझं तिथं काही काम नसतं, पण गेलो. कडूबाईनं ओळख करून दिली, "हेच ते मोजणारे सर." केशरबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. नव्यानं दिसायला लागलेलं माणूस किती बघतं ते मला तेव्हा कळलं.

"तूच व्हय?" ती म्हणाली. "तुझ्या मशीनला मी दिसत नव्हते म्हणं. तिचा बी मोतीबिंदू काढून घे की मंग."

तेव्हापासून मी डॉक्टरसाहेबांना एक आकडा देत नाही, दोन देतो. इतके हो म्हणाले, इतक्यांचं माहीत नाही. साहेबांना ते आवडत नाही. "मला एक आकडा हवा असतो, तुम्ही जोडी देता," म्हणतात. घ्या म्हणतो, लग्नाचा हंगाम आहे. कुणाची ओळ रिकामी असली की मी चाळणी लावण्यापूर्वी गावात फोन करतो. वेळ जातो. आधी आणखी किती केशरबाया गुपचूप खाली गेल्या असतील, तो आकडा मात्र मला काढता येणार नाही. त्याची चाळणी नाही माझ्याकडं.

बहात्तरचा प्रश्न आता आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर आहे, खडी आणि पाणी दोन्ही लिहून. गुडघे गेल्यापासून शारदा सिस्टर नोंदणीच्या खिडकीवर बसतात. मागच्या महिन्यात मी माझ्या मायला घेऊन गेलो. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. सिस्टरनी वय विचारलं, माय म्हणाली, काय की बाई. मग सिस्टरनी विचारलं, "आजी, बहात्तरच्या दुष्काळात कामावर होता का? खडी, पाणी, काही?"

"व्हते की," माय म्हणाली. "तळ्याच्या कामावर. ह्याला लिंबाला झोळी बांधून त्यात टाकायचे अन् माती उचलायचे. लई रडका व्हता हा."

मागची रांग हसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या छातीवरच्या ओळखपत्राकडं बघितलं. त्यावर जन्मतारीख आहे, एक जून, आणि साल आहे दुष्काळानंतर दोन वर्षांचं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही जन्मायच्या दोन वर्षं आधी झोळीत रडत होता. भूतच म्हणायचं की तुम्ही."

मी पंचवीस वर्षं लोकांची वयं चाळतोय, आणि माझं स्वतःचं कधी विचारलं नाही. विचारायला दूर जायचं नव्हतं, आई घरातच होती. सिस्टर पेन घेऊन थांबल्या होत्या. "मग तुमच्या नोंदीत काय करू आता?"

"राहू द्या," मी म्हणालो. "रिकामं सोडा."

मायनं खिडकीवर हात आपटला. "रिकामं कामून? मी जित्ती हाय ना अजून? मला इचार की!"